अजिंठा भित्तिचित्रे : ऱ्हास, प्रदूषण व संरक्षण

महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांच्या भिंती, छते व खांब यांवर रंगविलेल्या चित्रांची होत आलेली हानी, तिची नैसर्गिक व मानवनिर्मित कारणे आणि ती थोपविण्यासाठी झालेले प्रयत्न यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. लेण्यांचे शिल्प, चित्रांचे विषय व कलामूल्य यांची चर्चा अन्यत्र केलेली आहे [⟶ अजिंठा].

प्राचीन शैलकलेला औद्योगिक युगापासून असलेल्या धोक्याचा विषय निघाला, की कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर येतात. अजिंठ्यापुरते बोलावयाचे, तर हे चित्र खोटे नाही. पण अपुरे आहे. येथे दूषित द्रव्ये वाऱ्याबरोबर दुरून येतात, वाहने व प्रेक्षक यांच्याबरोबर जवळून येतात आणि, सहसा ध्यानात येत नाही अशा रीतीने, चित्रे वाचविण्याच्या किंवा नीट पाहण्याच्या हेतूने आलेल्या माणसांच्या हातातील बाटल्यांतूनही ती आली आहेत. आजवर झालेल्या हानीचा हिशोब मांडला, तर या शेवटच्या प्रकाराचा वाटा धुराड्यांहून मोठा भरतो.

लेणी सह्याद्रीच्या अजिंठा डोंगररांगेत, तापीची उपनदी वाघूर हिच्या नालाकृती दरीच्या कड्यात खोदलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरपासून ती रस्त्याने सु. १०० किमी. व जळगावपासून सु. ६० किमी. अंतरावर असून फर्दापूर हे जवळचे गाव होय. एकूण ३० लेण्यांपैकी ९ व १० ही चैत्यगृहे आणि काही विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनच्या पहिल्या कालखंडात खोदले गेले. बाकीची बहुतेक लेणी पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या सुमारास झाली. पहिल्या कालखंडातील चित्रे ९ व १० या लेण्यांत तुटक स्वरूपात टिकली आहेत. दुसऱ्या कालखंडातील चित्रांचा मोठा साठा १, २, १६ व १७ या लेण्यांत आहे. १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ या दोन्ही स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

चित्रांची घडण : चित्रे का खराब होतात, हे समजण्यासाठी ती कशावर व कशाने काढली आहेत, हे पाहणे आवश्यक आहे. लेण्यांचा खडक दख्खनी बेसाल्ट आहे. छिन्नीने टाचलेला त्याचा खडबडीत पृष्ठभाग गिलावा धरून ठेवण्यास सोयीचा होता. या पृष्ठभागावर लोहयुक्त माती, खडकाची भुकटी वा वाळू, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू यांचा मळलेला लगदा थापून जाड थर दिला जाई. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर आणि सर्वांत वर चुन्याचा अगदी पातळ, घोटून गुळगुळीत केलेला हात दिला जाई. हा पृष्ठभाग कोरडा झाल्यावर डिंक वा सरस यांसारख्या बंधक द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्र काढले जाई. यूरोपातील ओल्या चुन्यावरील चित्रणात रंग चुन्याबरोबरच घट्ट होऊन भिंतीचा भाग बनतो. अजिंठ्यात मात्र तो कोरड्या पृष्ठभागावर नुसता चिकटलेला आहे. एस. परमशिवन् यांनी १९३० च्या दशकात केलेल्या रासायनिक परीक्षणामुळे हा भेद स्पष्ट झाला. तरीही इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणाने या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणण्याची सवय अद्याप गेलेली नाही. हा केवळ शब्दाचा वाद नाही. ओल्या चुन्यावरील चित्र पाण्याने पुसता येते. अजिंठ्याचे चित्र पाण्याने पुसले, तर बंधक द्रव्य विरघळून रंगच निघून येतो.

रंग बहुतांशी स्थानिक खनिजांचे आहेत. गेरूपासून तांबडा, पिवळ्या मातीपासून पिवळा, बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीपासून हिरवा, काजळीपासून काळा आणि चुना, केओलीन व जिप्सम यांपासून पांढरा असे रंग तयार केले जात. निळा रंग तेवढा परका आहे. तो अफगाणिस्तानातील बदख्शान भागातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा असून पाचव्या शतकातील चित्रांत आढळतो. गेरू व हिरवी माती ही मुळात खडकाच्या झिजेतूनच निर्माण झालेली असल्याने हवेचा व सौम्य अम्लांचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही. लाजवर्दाचे तसे नाही. त्याचा निळेपणा स्फटिकाच्या जाळीत अडकलेल्या गंधकाच्या संयुगांमुळे असतो; अम्लाचा स्पर्श झाला, की ही जाळी मोडते, गंधक हायड्रोजन सल्फाइडाच्या रूपाने निघून जाते व रंग करडा पडतो. सर्वांत दुरून आणलेला व सर्वांत महाग असा हा रंगच दूषित हवेपुढे सर्वांत दुबळा आहे.

नैसर्गिक कारणे : या घडणीतच ऱ्हासाचे बीज आहे. मातीचा गिलावा पावसाळ्यात ओलावा शोषून फुगतो व उन्हाळ्यात आकसतो. दर वर्षी होणाऱ्या या हालचालीत खडक, गिलावा व चुन्याचा हात वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात आणि त्यांच्यातील पकड सुटते. बोटाने हलकेच टिचकी मारली असता पोकळ आवाज येतो, तो भाग खडकापासून सुटलेला आहे असे समजतात. खडकातील भेगांतून झिरपणारे पाणी आपल्याबरोबर क्षार आणते; ते पृष्ठभागाखाली स्फटिकरूप होऊन रंगाचे पापुद्रे उचलतात. वटवाघळांच्या विष्ठेतील अम्ले रंगावर पांढरट व तपकिरी डाग पाडतात. तूस व गवत हे कीटकांचे खाद्य असल्याने ते गिलावा आतून पोखरतात.

शेवटच्या मुद्द्याबाबत वेरूळशी केलेली तुलना उद्बोधक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांना वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू व खोडाचे तुकडे सापडले. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भांग घातलेल्या गिलाव्याला कीड लागलेली नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तेथे किडीने फार नुकसान केले आहे. वेरूळचे कारागीर अजिंठ्यानंतरचे. पूर्वीच्या कामाला कीड लागलेली पाहून त्यांनी मिश्रण बदलले असावे, हा तर्क मोहक आहे. मात्र तो तर्कच होय.

धूर लेण्यांना नवा नाही. भिक्षूंचे दिवे आणि लेणी ओस पडल्यानंतर आश्रयास राहिलेल्या बैरागी, गुराखी व वाटसरूंच्या चुली यांची काजळी ९ व १० या लेण्यांत शतकानुशतके साचत होती. ही काजळी तशी निरुपद्रवी. कोरड्या रंगावर बसलेली काजळी काळजीपूर्वक काढता येते. ती चित्रांत कायमची बंदिस्त झाली, ती नंतर तिच्यावर चढविलेल्या लेपांमुळे.

प्रतिकृती व लेप : २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास सैन्यातील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला व १० व्या लेण्यातील एका खांबावर, जुन्या चित्रावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरली. आधुनिक जगाला झालेली लेण्यांची ओळख अशी ओरखड्यापासूनच सुरू होते. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तैलरंगात मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात सु. ३०० प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील शंभरावर १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या.

प्रतिकृती करणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. लेण्यात उजेड कमी, चित्रांवर धूळ व काजळी बसलेली; रेषा दिसत नसत. कोरड्या पृष्ठभागावर रोगण फिरविले, की रंग ओले केल्यासारखे खुलून येतात. हा उपाय त्या काळी सर्रास केला गेला. स्वस्त रोगणाचा तो हात काही वर्षांत पिवळा, मग तपकिरी पडला आणि त्याखालची काजळी जागच्या जागी गोठली. नक्कल उतरविण्यासाठी अस्सलाला रोगण लागले व पुढे नक्कलही जळाली, असा हा दुहेरी तोटा आहे. क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात केलेल्या प्रतिकृतींच्या कामात नंदलाल बोस प्रभृती कलकत्त्याचे तरुण चित्रकार सहभागी झाले होते.

लेणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी चित्रांच्या रक्षणाचे काम गांभीर्याने हाती घेतले. त्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी व त्याचा साहाय्यक काउंट ओर्सिनी यांना पाचारण करण्यात आले. १९२० ते १९२२ या काळातील दोन हिवाळ्यांत त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा खडकाला चिकटविला, तुटक्या कडा बांधून घेतल्या आणि सुटणाऱ्या रंगाला धरून ठेवण्यासाठी मद्यार्कात विरघळविलेल्या चपड्याचा (शुद्ध केलेल्या लाखेचा) लेप दिला. गिलाव्याबाबतचे त्यांचे काम मोलाचे होते; ते झाले नसते, तर आज दिसणारी काही चित्रे जमिनीवर ढिगाऱ्याच्या रूपाने पडली असती. लेपाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ताजा चपडा मद्यार्कात सहज विरघळतो; जुना होत गेला, की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन तो पिवळा, ठिसूळ व दुर्द्राव्य बनतो. अशा लेपाखाली लाजवर्दी निळा हिरवट दिसू लागतो, पांढरा पिवळा पडतो आणि आकसणाऱ्या लेपाबरोबर खालचा रंगही पापुद्र्याच्या रूपाने उचलला जातो. शिवाय लेपामुळे भिंतीचा श्वास कोंडतो : गिलाव्यातील ओलावा बाहेर पडू शकत नाही व क्षार लेपाच्या मागे साचतात.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९५३ पासून, अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आले. विभागाच्या रसायनशास्त्रज्ञांनी रंग पक्का करण्यासाठी पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे कृत्रिम बहुवारिक वापरले. त्या काळी जगभर तेच वापरले जात होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण हे द्रव्यही धूळ धरते, काळाने रंग बदलते आणि खालच्या चपड्याशी मिळून आणखी एक थर बनते. १९९९ नंतर राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली ९ व १० या लेण्यांत साचलेली काजळी व लेप काढण्याचे अत्यंत मंदगती काम झाले व इसवी सनापूर्वीची काही चित्रे पुन्हा दिसू लागली. असे काम हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्यावर द्रावके योजून केले जाते. द्रावक कमी पडले तर चपडा सुटत नाही, जास्त झाले तर बंधक द्रव्य सुटते. या दोहोंमधील वाव अतिशय अरुंद असतो. संरक्षणशास्त्रात आज रूढ झालेले ‘जे परत काढता येत नाही, ते लावू नये’ हे तत्त्व अशाच अनुभवांतून आले आहे.

प्रेक्षक : वर्षाकाठी काही लाख लोक अजिंठा पाहतात. सावकाश चालणारी प्रौढ व्यक्ती श्वास व घाम यांवाटे तासाला सु. ४० ते ५० ग्रॅ. पाण्याची वाफ बाहेर टाकते; तिच्या शरीरातून सु. १०० वॉट उष्णता बाहेर पडते आणि उच्छ्वासात सु. ४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. चाळीस माणसांचा गट एखाद्या विहारात तासभर राहिला, तर जवळजवळ दोन लिटर पाणी हवेत मिसळते आणि चार मोठ्या विजेच्या शेगड्या मध्यम आचेवर ठेवाव्यात तेवढी उष्णता निर्माण होते. विहाराला एका बाजूस दरवाजे व खिडक्या असतात, मागील बाजू खडकात बंद असते. त्यामुळे ही हवा गर्भगृहाच्या बाजूस रेंगाळते. वाफ थंड भिंतीवर सूक्ष्म दवाच्या रूपाने बसते व तीत कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून सौम्य अम्ल तयार होते. एका दिवसात यांपैकी काहीच जाणवत नाही. चुन्याचा कागदासारखा थर मात्र दर हंगामाला हे सोसत असतो. त्यातच पावलांबरोबर आलेली धूळ हातभर उंचीपर्यंतच नव्हे, तर छतापर्यंत जाऊन बसते.

यावर काही उपाय झाले आहेत. चित्रांच्या प्रमुख लेण्यांत एका वेळी ४० प्रेक्षकांची मर्यादा घालण्यात आली. झगझगाटी दिव्याने छायाचित्रण करण्यास बंदी असून उष्णता न देणारे दिवे बसविण्यात आले. जपानच्या अर्थसाहाय्याने १९९२ पासून राबविलेल्या अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पाच्या पुढील टप्प्यांत खासगी वाहने सु. ४ किमी. अलीकडे, फर्दापूरजवळच्या तिठ्यावर थांबवून तेथून पुढे राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांनी जाण्याची व्यवस्था करण्यात आली. पूर्वी मोटारी व बसगाड्या थेट लेण्यांच्या पायथ्याशी उभ्या राहत आणि नालाकृती दरीत त्यांचा धूर कोंडत असे. आजवरच्या उपायांत हा सर्वांत साधा व सर्वांत परिणामकारक म्हणावा लागेल. त्याच तिठ्याजवळ १, २, १६ व १७ या लेण्यांची प्रतिरूपे असलेले प्रेक्षक केंद्र उभारण्यात आले. परंतु ते पुढे दीर्घकाळ बंद राहिले. फ्रान्समधील लास्को गुहेचे उदाहरण या संदर्भात देतात. १९४० मध्ये सापडलेली व १९४८ मध्ये लोकांस खुली केलेली ती गुहा भिंतींवर शेवाळ व कॅल्साइट चढू लागल्याने १९६३ मध्ये बंद करावी लागली आणि १९८३ पासून लोक तिची प्रतिकृती पाहू लागले. अजिंठा हे पूर्ण बंदिस्त विवर नाही, तसेच ते बौद्ध धर्मीयांचे श्रद्धास्थानही आहे. त्यामुळे ते कायमचे बंद करण्याची तुलना तंतोतंत लागू पडत नाही. पावसाळ्यातील ऐन आर्द्रतेच्या दिवसांत एकेक लेणे आळीपाळीने बंद ठेवणे मात्र अशक्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हवेतील औद्योगिक दूषितके : कोळसा व खनिज तेल जाळल्याने सल्फर डाय-ऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत मिसळतात. ओलाव्याच्या सान्निध्यात, विशेषतः लोहयुक्त धुळीच्या कणांवर, त्यांचे सल्फ्यूरिक व नायट्रिक अम्लांत रूपांतर होते. पाऊस न पडताही हे वायू व कण पृष्ठभागावर थेट बसू शकतात. म्हणून छताखालची चित्रे अम्लवर्षेपासून सुरक्षित असली, तरी अम्लापासून सुरक्षित नसतात. चुन्याशी सल्फ्यूरिक अम्लाचा संयोग होऊन जिप्सम बनते. ते मूळच्या चुन्यापेक्षा अधिक जागा व्यापते व पाण्यात अधिक विरघळते. परिणामी थर फुगतो, फुटतो व भुकटी होऊन गळतो. बेसाल्टला यातून फारशी इजा होत नाही. त्यामुळे लेणी भक्कम दिसतात व त्यांवरील चित्रे मात्र विरत असतात.

अजिंठ्याच्या आसमंतात अवजड उद्योग नाहीत. पण ते दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधोमध आहे. नैर्ऋत्येस छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा व अलीकडील बिडकीन ही औद्योगिक क्षेत्रे, तसेच दक्षिणेस जालन्याचे पोलाद कारखाने आहेत. उत्तरेस तापीच्या खोऱ्यात जळगाव शहर व भुसावळजवळील दीपनगरचे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत् केंद्र आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची विहित मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत औरंगाबाद, जालना व जळगाव ही तिन्ही नावे आहेत. दक्षिणेकडील शहरांची हवा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येते, तेव्हा पाऊस तिला बऱ्याच अंशी धुऊन काढतो. हिवाळ्यात वारे प्रामुख्याने उत्तर व ईशान्य दिशांकडून वाहतात, पाऊस नसतो आणि खोऱ्यातील थंड हवा पहाटे जमिनीलगत साचून राहते. पर्यटकांचा हंगामही तोच. म्हणून अंतराने दूर असलेल्या दक्षिणेकडील कारखान्यांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष तापीच्या खोऱ्याकडे दिले पाहिजे. औरंगाबाद–जळगाव रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम बरीच वर्षे चालू राहिल्याने उडालेली धूळ हीदेखील येथील प्रदूषणात मोडते, जरी तिला कोणी उद्योग म्हणत नाही.

कायद्याची चौकट हवेच्या दृष्टीने तोकडी आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मी.पर्यंतच्या क्षेत्रात बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मी.पर्यंत नियंत्रण, ही तरतूद १९९२ च्या अधिसूचनेने व २०१० च्या दुरुस्तीने झाली. भिंत व पाया यांना या अंतराचा उपयोग होतो. वायूला होत नाही. हवेचा विचार देशात ठळकपणे झाला तो ताजमहालाच्या बाबतीत. मथुरा येथील तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे १९७४ मध्ये वरदराजन समिती नेमण्यात आली, कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी ताजभोवतीच्या सु. १०,४०० चौ. किमी. क्षेत्रातील २९२ उद्योगांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरण्याचा अथवा स्थलांतराचा आदेश दिला. पांढऱ्या संगमरवरावरील पिवळी झाक कोणासही दिसते. अंधाऱ्या विहारातील निळ्या रंगाचा करडेपणा दिसण्यासाठी जुने छायाचित्र शेजारी धरावे लागते. राजकीय व न्यायालयीन लक्ष कोठे वेधले जाते, याचे एक कारण यात असावे.

चित्र नसलेली, खडकात खोदलेली कलाही याच संकटात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मुरुजुगा (बरप द्वीपकल्प) येथे आदिवासींनी सहस्रावधी वर्षे कोरलेली, दहा लाखांवर असावीत अशी शिल्पे आहेत. तेथील खडकांवर लोह व मँगॅनीज यांचा तांबूस पातळ थर असतो व तो खरवडून आतील फिकट खडक उघडा केल्याने आकृती उमटते. १९६० च्या दशकापासून तेथे लोहखनिजाचे बंदर, नंतर नैसर्गिक वायूचे व अमोनियाचे कारखाने आले. उत्सर्जित वायूंमुळे हा थर अम्लात विरघळून आकृती व पार्श्वभूमी यांतील भेदच पुसला जाईल, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. २०२५ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले आणि त्याच वर्षी तेथील वायुप्रकल्पाला २०७० पर्यंत मुदतवाढही मिळाली. महाराष्ट्रात कोकणच्या जांभ्या सड्यांवरील कातळशिल्पांची स्थिती याच्याशी मिळतीजुळती आहे. कोकण व गोव्यातील नऊ स्थळे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांपैकी राजापूर तालुक्यातील बारसू येथील सड्याच्या परिसरातच तेलशुद्धीकरण प्रकल्प योजिला गेला व एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणास ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. बारसूत प्रश्न प्रथम जमिनीचा आहे, हवेचा नंतरचा. अजिंठ्यात जमीन सुरक्षित आहे, त्यामुळे हवेचा प्रश्न मांडण्यास सबळ निमित्तच मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या वास्तूंवर हे परिणाम अधिक जवळून पाहता येतात. वेरूळ शहरापासून सु. ३० किमी.वर असून कैलास व जैन लेण्यांत रंगकामाचे अवशेष आहेत. शहराच्या उत्तरेस डोंगरात असलेल्या औरंगाबाद लेण्यांत चित्रे फारच थोडी उरली आहेत. त्यांच्या पायथ्याकडील बीबी का मकबरा या सतराव्या शतकातील वास्तूचा घुमट संगमरवरी असला, तरी बराचसा भाग बेसाल्टवर चुन्याचा घोटीव गिलावा चढवून केलेला आहे. या गिलाव्याचे काळवंडणे व फुटणे म्हणजे अजिंठ्यातील पातळ चुन्याच्या थराचे काय होऊ शकते, याचा उघड्यावरील नमुनाच होय.

झालेली हानी मोजण्यासाठी मूळ आधार लागतो. यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहातील छायाचित्रे हा असा एक आधार आहे. त्याआधीच्या काळासाठी आगीतून वाचलेल्या गिल व ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींकडे जावे लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात अशा १६६ प्रतिकृती आहेत. भिंतीवर जेथे आज उघडा खडक किंवा मातीचा गिलावा दिसतो, तेथील काही आकृती या कापडांवर अजून पाहावयास मिळतात.